पाकीट वर्षभर बंद ठेवणारे अण्णा

श्री. हणमंतराव काटे यांची आणि माझी पहिली भेट बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये झाली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते आणि माझ्या हातात एक निळी फाईल होती. दहावीपासून अभियांत्रिकीच्या शेवटच्या सत्रापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका तिच्यात क्रमाने लावलेल्या होत्या. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मुलाखतीला आणखी काय न्यायचं असतं, तिथे कसं बोलायचं असतं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. फाईल मात्र चोख होती.

त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. एका ग्राइंडिंग मशीनशेजारी स्टुलावर ते बसले होते, चष्मा कपाळावर. "या अक्का, बसा," म्हणाले. पन्नास वर्षांनी लहान मुलीला अक्का म्हणणारा मालक मी पहिल्यांदाच पाहत होते. मी फाईल पुढे केली. ती त्यांनी उघडलीच नाही. एक मोठं खाकी पाकीट काढलं, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स मला माझ्या हातानेच त्यात घालायला लावल्या, पाकिटाला डिंक लावला आणि चिकटवलेल्या जागेवर माझी सही घेतली.

"हे कशासाठी, सर?"

"वर्षानं उघडायचं. तू टिकलीस तर."

मग त्यांनी पोलादाचा एक वीतभर गज आणि मायक्रोमीटर माझ्यापुढे ठेवला. पाच ठिकाणी जाडी मोजायला सांगितली. मी मोजली आणि आकडा सांगितला.

"पाच ठिकाणी मापायला सांगितलं होतं. एकच आकडा कसा आला?"

"सरासरी काढली, सर."

"सरासरी कुणी विचारली? पाची सांग."

मी पाची सांगितले. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की गज एका टोकाकडे जाड होत गेला आहे.

"तुझ्या सरासरीत तो सरळ झाला होता," अण्णा म्हणाले. "सरी, ठीक आहे. सोमवारपासून ये."

नोकरी मिळाली याचा आनंद होता, पण मेट्रोत बसल्यावर मला राग आला. सोळा वर्षांचा अभ्यास एका माणसाने न बघता डिंकाने चिकटवून टाकला होता.

अण्णांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादकांनी मला लेख मागितला तेव्हा सुचवलं की, मार्कांवाचून काही अडत नाही हे अण्णांनी कसं दाखवून दिलं, त्यावर लिही. मी नम्रपणे सांगते की तसा लेख मला लिहिता येणार नाही. अण्णांनी असं काही दाखवलेलं नाही, आणि माझा त्यावर विश्वासही नाही. अण्णांकडे मी जे पाहिलं ते जरा अवघड आहे. तेच सरळ लिहिते.

आधी त्यांच्या कामाविषयी. अण्णांचं वर्कशॉप गेज बनवतं. गेज म्हणजे पोलादाचा लहानसा दंडगोल. कारखान्यात एखाद्या सुट्या भागाला छिद्र पाडलं की ते बरोबर मापाचं आहे का, हे या दंडगोलावरून ठरतं. त्याचं एक टोक छिद्रात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. म्हणजे आमची वस्तू दुसऱ्यांच्या वस्तूंची परीक्षा घेते, आणि ती स्वतः चुकली तर पुढे हजारो वस्तू चुकतात. इथे मायक्रॉनचा हिशेब चालतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका शेडमध्ये, एका जुन्या मशीनवर अण्णांनी हे काम सुरू केलं. आज आम्ही अठरा जण आहोत.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं आहे की सुरुवातीला मला निम्मं बोलणं त्यांच्या हातवाऱ्यांवरून समजायचं. मीही इथेच, येलहंक्यात वाढले, पण आमच्या घरची भाषा सांगलीतल्या विट्याकडची. माझे वडील, ज्यांना आम्ही बापू म्हणतो, गलाई कामगार आहेत. सोनारांच्या दुकानातला कीस, केर, मोड भट्टीत गाळून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं हे त्यांचं काम. सातवीनंतर ते एका नातेवाइकाबरोबर इकडे आले ते इथलेच झाले.

आता त्या पाकिटाविषयी. वर्कशॉपमधली ही प्रथा तीस वर्षांची आहे. कामावर येणाऱ्या प्रत्येकाच्या गुणपत्रिका पाकिटात बंद होतात आणि लोखंडी कपाटात जातात. वर्ष पूर्ण झालं की दुपारच्या कॉफीच्या वेळी सगळे जमतात. आधी प्रत्येक जण त्या माणसाचं वर्षभराचं काम आठवून त्याला किती टक्के असतील याचा अंदाज चिठ्ठीवर लिहितो. मग पाकीट उघडतं. अण्णा एका वहीत अंदाज आणि खरे मार्क शेजारी-शेजारी लिहून ठेवतात. ती वही मी वाचली आहे. कुठे अंदाज अगदी जवळ आहे, कुठे इतका लांब की हसू यावं. शाळेतल्या मार्कांवरून माणूस पुढे काय करेल हे सांगता येतं का, या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलात तर त्या वहीतून कुठलाही नियम निघत नाही. अण्णांनाही तो काढायचा नव्हता.

माझं पाकीट उघडायला चार महिने राहिले असताना मी एक चूक केली. माप तपासणीच्या खोलीत नागराजण्णांच्या हाताखाली मी काम करत होते. नागराजण्णा सव्वीस वर्षं तिथले प्रमुख. दहावीच्या गणितात तीनदा नापास झाले आणि मग अण्णांकडे आले. मशीनवरून उतरलेला गेज तापलेला असतो, आणि तापलं की पोलाद फुगतं. म्हणून तपासणीच्या खोलीत, वीस अंश तापमानात, तो रात्रभर पडू द्यायचा आणि सकाळी मोजायचा असा नियम आहे. मला हा नियम पाठ होता. पोलाद किती अंशाला किती फुगतं याचं सूत्र मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्या विषयात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

त्या संध्याकाळी माल पाठवायची घाई होती. नागराजण्णा लग्नाला गेले होते. तीस गेज माझ्यापुढे आले. हाताला गार लागत होते. मी पंधरा मिनिटांत मोजायला घेतले, सगळे थोडे जाड आले, आणि मी ते आणखी चार मायक्रॉन घासायला परत पाठवले. सकाळी नागराजण्णांनी ते पुन्हा मोजले.

"एनम्मा, काल किती वाजता मापलंस?"

"सहाला."

"मशीनवरून किती वाजता आले होते?"

"पावणेसहाला," मी म्हणाले. सगळे गेज चार मायक्रॉन बारीक झाले होते. बारीक झालेलं पोलाद पुन्हा जाड करता येत नाही. तीसच्या तीस भंगारात गेले.

मी राजीनामा लिहून अण्णांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "चाळीस मिलिमीटरचं पोलाद, दहा अंश गरम. किती फुगलं असेल?"

मी तोंडी हिशेब केला. "साडेचार मायक्रॉनच्या आसपास."

"म्हणजे तुला येतं."

"येतं, अण्णा. म्हणूनच लाज वाटते."

"लाज संध्याकाळपर्यंत ठेव. उद्यापासून गेज आला की त्याच्यावर वेळ लिहायची पद्धत सुरू कर. स्वल्प उशीर झाला तर माणूस ओरडेल, पोलाद खोटं बोलणार नाही." राजीनामा त्यांनी परत दिला. मागची बाजू कोरी होती, त्यावर वेळेचा तक्ता आखायला सांगितला. तो तक्ता आज भिंतीवर आहे.

मी घरी मात्र सांगून बसले होते की नोकरी बहुतेक जाईल. दुसऱ्याच दिवशी बापू मला न विचारता पीण्याला आले. कामावरच्या कपड्यांत होते. खिशात माझ्या शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स होती. अण्णांच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी ती पुढे ठेवली.

"साहेब, पोरगी हुशार हाय. एकडाव हे मार्क बघा. चुकली असंल, पर मार्क बघा."

मी काचेपलीकडून हे पाहत होते. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं होतं. अण्णांनी तो कागद न बघता पालथा घातला.

"ह्याला अजून चार महिने आहेत. बसा हो. तुम्ही गलाईचं काम करता असं ती म्हणाली. एक सांगा मला. रस भट्टीतून कधी उतरवायचा हे कसं कळतं?"

बापू घोटाळले. "ते काय... दिसतं की."

"काय दिसतं?"

बापू आमच्याकडे शिकलेला माणूस आला की आतल्या खोलीत जाऊन बसतात. त्या दिवशी ते तासभर बोलले. रसावरची साय कशी सरकते, मग क्षणभर तो कसा आरशागत होतो, त्या क्षणी नजर हलली तर सगळं कसं बिघडतं. अण्णा मध्येमध्ये विचारत होते. नागराजण्णाही येऊन उभे राहिले. जाताना अण्णा बापूंना फाटकापर्यंत सोडायला गेले. घरी आल्यावर बापू आईला एवढंच म्हणाले, "मालक चांगला हाय. त्यानं माझं काम इचारलं." मार्कांचा विषय त्यांनी त्यानंतर पुष्कळ दिवस काढला नाही.

चार महिन्यांनी माझं पाकीट उघडलं. चिठ्ठ्या जमल्या. कॉफी करणाऱ्या गिरिजम्मांनी पंच्याऐंशी लिहिलं होतं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, ही कप धुऊन ठेवते. नागराजण्णांनी अठ्ठावन्न लिहिलं होतं. अण्णांनी शेवटच्या वर्षाचा कागद बाहेर काढला आणि वाचला, "एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव?" नागराजण्णा माझ्याकडे वळले. "आणि गरम मापलंस?"

सगळे हसले, मीही हसले. पण हसता हसता माझ्या मनात वर्षभर साठलेलं बाहेर आलं.

"अण्णा, एक विचारू? सगळ्यांनीच मार्क बघायचे नाहीत असं ठरवलं तर माझ्यासारखीनं कुठे जायचं? आमची इथे कुणाशी ओळख नाही. बापूंच्या नावानं कुणी दार उघडत नाही. मार्क होते म्हणून कॉलेज मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली. मार्क नसते तर तुमच्या फाटकापर्यंत मी आलेच नसते. ज्यांच्या काकांचे कारखाने आहेत त्यांनी म्हणावं मार्कांना अर्थ नाही. मी कशी म्हणू?"

कॉफीचे कप तसेच राहिले. आपण जास्त बोललो असं मला वाटलं.

अण्णा म्हणाले, "मार्क खोटे असं मी कधी म्हटलं?"

"मग पाकीट?"

"पाकीट माझ्यासाठी आहे, अक्का. तुमच्यासाठी नाही. मार्क दिसले की मी माणूस बघायचं सोडतो. मला तसं करून टाकलंय लहानपणी."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते वर्कशॉपमध्ये निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. अण्णा शाळेत कायम पहिले असत. दहावीला तालुक्यात पहिले आले होते. त्या जोरावर एका सरकारी कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांची निवड झाली.

"पहिला नंबर आला म्हणून पुढची दहा वर्षं माझी चूक मला कुणी सांगितली नाही," ते म्हणाले. "माझं माप चुकलं तर शेजारचा आपलंच मशीन तपासायचा. हा कसा चुकेल, हा पहिला आलेला. मला वाटायचं मी चुकतच नाही. ते कळायला फार वेळ गेला. नागराजला कुणी असं कधी वाटू दिलं नाही, म्हणून तो शिकला."

नागराजण्णा म्हणाले, "मला वाटू दिलं असतं तर चाललं असतं, अण्णा."

या विषयावर मी त्यापूर्वी पुष्कळ ऐकलं होतं. भाषणं ऐकली होती, नातेवाइकांच्या गप्पा ऐकल्या होत्या. चांगल्या मार्कांचं एखाद्याला नुकसान झालं, असं पहिल्या आलेल्या माणसाच्या तोंडून मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. तरीही अण्णांनी माझं म्हणणं खोडून काढलं नाही. मार्कांनी तुझं दार उघडलं हे खरं आहे, असंच ते म्हणाले. आमच्या दोघांची मतं तेव्हा वेगळी होती आणि बहुधा अजूनही आहेत. ती वेगळी ठेवून त्यांच्याकडे काम करता येतं, ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी गोष्ट आहे.

या सगळ्याची कसोटी लागली ती गेल्या वर्षी. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे येलहंक्याच्या बाजूची, विमानांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी. त्यांच्या गुणवत्ता विभागाचे नवे अधिकारी आले. वयाने माझ्याएवढेच असतील, अतिशय सभ्य. प्रत्येक गेजबरोबर जे तपासणी प्रमाणपत्र जातं त्यावर सही करणाऱ्यांची यादी त्यांनी मागितली. यादीत तीन नावं होती. अण्णा, नागराजण्णा आणि अलीकडेच मी.

"सर, मैं समझता हूँ," ते म्हणाले, "लेकिन सिस्टम में डिग्री का कॉलम ख़ाली नहीं रह सकता. मॅडम की साइन चलेगी. बाकी दोनों की नहीं."

म्हणजे सव्वीस वर्षं ज्या कागदावर नागराजण्णांचं नाव जात होतं, त्यावर आता माझं जाणार होतं. तीस गेज भंगारात घालणारीचं. नागराजण्णा उठले आणि तपासणीच्या खोलीत जाऊन आधीच पुसलेले गेज पुन्हा पुसत बसले.

अण्णा अधिकाऱ्यांना म्हणाले, "नागराजची सही चालत नसेल तर आमचा मालही चालणार नाही." ते गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "ऑर्डर जाऊ दे."

ऑर्डर गेली असती तर अठरांपैकी किती जण उरले असते, हे अण्णांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "अण्णा, मला त्यांची नियमावली द्या. दोन दिवस द्या."

ती दीडशे पानांची होती. मी ती परीक्षेच्या पुस्तकासारखी वाचली, पेन्सिल घेऊन, परिशिष्टांसकट. एका पोटकलमात लिहिलं होतं की तपासनिसाची पात्रता शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांपैकी कशानेही सिद्ध करता येते, फक्त पुरावा हवा. कंपनीच्या फॉर्मवर मात्र पदवीचा एकच रकाना छापला होता. मी तीन पानांचं पत्र लिहिलं, कलमाचा क्रमांक दिला आणि पुरावा म्हणून प्रत्यक्ष परीक्षा सुचवली. कंपनीने ज्यांची खरी मापं फक्त त्यांनाच माहीत आहेत असे गेज पाठवावेत आणि ते आम्ही मोजावेत. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं.

"सरळ लिहिलंयस. हे मला जमलं नसतं," ते म्हणाले. "आज तुझे मार्क कामाला आले."

कंपनीने मान्य केलं. बारा गेज पाठवू, अकरा बरोबर आले पाहिजेत, असं उत्तर आलं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. नागराजण्णांनी नकार दिला.

"मी बसणार नाही."

"नागराजण्णा, तुम्हाला हे झोपेत येतं," मी म्हटलं.

"तू बोलू नको. तुला परीक्षा म्हणजे सण. तीनदा बसलो मी. तीनदा शाळेच्या फळ्यावर जाऊन नंबर शोधला. इतक्या वर्षांनी पुन्हा ते नको. एक चुकला, दोन चुकले, तर मग मी कोण?"

परीक्षेची कल्पना माझी होती. परीक्षा सगळ्यांना माझ्यासारखीच वाटत असेल, असं मी धरून चालले होते.

अण्णा म्हणाले, "सरी. मग मीपण बसतो."

"तुम्ही कशाला?"

"यादीत माझंही नाव आहे. डिग्री मलाही नाही. तू बस, मी बसतो, ही बसते. तिघांचे कागद एकाच वेळी उघडू दे."

नागराजण्णा त्यांच्याकडे वळले. "तुमचं वय काय, अण्णा?"

"चौऱ्याहत्तर. तुला काय करायचंय?"

अधिकारी गेज घेऊन आले ते उत्साहाने. टेबलावर डबा उघडला आणि म्हणाले, "शुरू करें?" नागराजण्णांनी डब्याला हात लावला. "आज नाही. गाडीतून आलेत. उद्या सकाळी." अधिकारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलाला घरी परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मला वाटतं नागराजण्णांची भीती तिथेच निम्मी झाली. परीक्षकाला त्यांनीच थांबवलं होतं.

आम्ही एकेकटे आत गेलो. अण्णा सर्वांत जास्त वेळ आत होते. निकाल अधिकाऱ्यांनी फोनवर पाहून वाचला. "नागराज सर, बारह में से बारह. मॅडम, ग्यारह." मग ते थांबले.

"बोला," अण्णा म्हणाले.

"दस, सर. लेकिन आपका तो फॉर्मॅलिटी है, आपका नाम हम वैसे भी..."

"नियम ग्यारह का है ना? तो मैं फेल."

सह्यांची यादी टेबलावरच होती. अण्णांनी पट्टी घेतली आणि स्वतःच्या नावावर सरळ रेघ मारली. नागराजण्णा उठून त्यांचा हात धरायला गेले. "राहू दे रे," अण्णा म्हणाले. "चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा नापास होतोय, नीट होऊ दे."

दुपारी मी तपासणीच्या खोलीत गेले तेव्हा अण्णा चुकलेले दोन गेज घेऊन बसले होते. दोन्ही सर्वांत लहान. नागराजण्णा मागे उभे होते.

"हात जड पडतोय, अण्णा. पुन्हा घ्या."

अण्णांनी पुन्हा माप घेतलं.

"अजून जड."

"सांग की मग कसं."

नागराजण्णा त्यांच्या बोटांवर बोटं ठेवून सांगत होते. मी दार हळूच लावून घेतलं.

या ग्रंथात अण्णांच्या उद्योजकतेवर, समाजकार्यावर माझ्याहून जाणती माणसं लिहितील. मला इतकंच सांगायचं आहे की मार्क आणि यश यांचा संबंध काय, असं कुणी मला विचारलं तर मी आता ठाम उत्तर देत नाही, पण एक काम ठामपणे करते. नागराजण्णांना जे येतं ते कुठल्याही पुस्तकात नाही. पकड किती हलकी ठेवायची, हात कधी थांबवायचा, कुठल्या मापावर पहिल्या वेळी विश्वास ठेवायचा नाही, हे ते सांगतात आणि मी कन्नडमध्ये लिहून काढते. पन्नासेक पानं झाली आहेत. ती पूर्ण करायचीच असं मी ठरवलं आहे. वाचता येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती वाचता आली पाहिजेत, त्याला दहावीला कितीही मार्क पडलेले असोत. माझं शिक्षण मला या कामासाठी वापरता येतं हे मला अण्णांमुळे समजलं.

कंपनीचं मंजुरीपत्र या वर्षी आलं, त्यात एक अट आहे. ही पात्रता तीन वर्षांसाठीच, त्यानंतर पुन्हा परीक्षा. ते वाचून अण्णांनी लगेच जाहीर केलं की ते पुन्हा बसणार आहेत आणि यादीत परत येणार आहेत. आता रोज सकाळी कॉफीआधी ते दोन लहान गेज मोजतात आणि आकडे नागराजण्णांना दाखवतात. कधी पसंत पडतात, कधी नाही. नागराजण्णांनी विचारलं, तेव्हा तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे असाल, त्यात नाही जमलं तर? अण्णा म्हणाले, मग एक्क्याऐंशीला. मग चौऱ्याऐंशीला. नागराजण्णा म्हणाले, म्हणजे मी निवृत्त व्हायचंच नाही.

अमृतमहोत्सवाच्या या वर्षी अण्णांना माझा आणि बापूंचा नमस्कार. त्यांची नजर स्वच्छ राहो, हात हलका होवो, आणि यापुढच्या प्रत्येक परीक्षेला बसण्याइतकं निरोगी, दीर्घ आयुष्य त्यांना लाभो. गेज आम्ही सोपे निवडणार नाही, आणि दहा आले तर दहाच लिहू.